पश्चिम घाट मसुदा अधिसूचना: हरकत कुणाकडे आणि कशी द्यायची?

खानापूरकर:
पश्चिम घाट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात आपल्या खानापूर तालुक्यातली (कर्नाटक) बरीच गावं आहेत. परत मसुदा निघाला तर हरकत कुणाकडे द्यायची? तहसीलदारांकडे सह्यांचं निवेदन दिलं की झालं, असं गावात धरून चालतात. डीसी (जिल्हाधिकारी) सुनावणी घेतात का? मराठीत लिहिलेलं चालतं का?

घाटमाथा:
सुनावणी नाही. लोक दोन गोष्टी एकत्र करतात. खाण किंवा मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे होते: ३० दिवस आधी नोटीस, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. क्षेत्र जाहीर करणं हे पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या नियम ५ खाली येतं. तिथे फक्त लेखी हरकत. मुदत ६० दिवस, राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून; पेपरात बातमी आली त्या दिवसापासून नव्हे.

पत्ता: सचिव, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग रोड, नवी दिल्ली ११०००३. मसुद्यात ई-मेल दिलेला असतो, त्यावरही पाठवा. तहसीलदार किंवा पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी) दिलेला कागद दिल्लीला मुदतीत पोचेलच याची हमी नाही. स्पीड पोस्टची पावती जपा.

आणि कर्नाटक मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मसुदा नाकारला म्हणून निवांत बसू नका. अधिसूचना केंद्राची आहे. राज्याच्या नकाराने गाव यादीतून आपोआप निघत नाही.

आकारबंद:
मजकुरावर जास्त वेळ घाला. 'आमचं गाव वगळा' एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. हे क्षेत्र ठरवण्यासाठी केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने गाव हे एकक धरलं आणि ज्या गावात संवेदनशील नैसर्गिक भूभाग २० टक्के किंवा जास्त, ते यादीत घेतलं. तेव्हा हरकत याच आकड्यावर लागते. गावचा आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्राची सरकारी नोंद) काढा, वनखात्याचे सर्व्हे नंबर आणि लागवडीचे वेगळे करा, एकरात बेरीज करून टक्का मांडा. आरटीसीच्या (कर्नाटकातला सातबारासारखा उतारा) प्रती जोडा. गटाने वापरलेलं उपग्रह चित्र २४ मीटर रिझोल्यूशनचं होतं, म्हणजे त्यातला एक ठिपका जमिनीवर सुमारे २४ मीटरचा. दाट काजूबाग त्यात जंगलासारखी दिसू शकते. शंका असलेले सर्व्हे नंबर नावानिशी लिहा, जागेवरचे फोटो जोडा.

अधिसूचनेचा का.आ. (इंग्रजीत S.O.) क्रमांक व तारीख पहिल्या ओळीत हवी. यादीतलं गावाचं स्पेलिंग तपासा, इंग्रजीत हमखास घोळ असतो. मग कलमवार. मसुद्यात खाणकाम, दगडखाण, वाळू उपसा बंद. चालू खाणी पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा थांबणार. वीस हजार चौरस मीटर व त्यावरच्या बांधकामाला मनाई. पण राहत्या घराची दुरुस्ती, वाढ आणि जमिनीचा मालकी बदल यांवर बंदी नाही. 'घर बांधता येणार नाही' असं लिहिलंत तर वाचणारा पुढचं पानही गांभीर्याने घेत नाही.

गावकूस:
भाषेचं सांगतो. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, त्यामुळे मराठी अर्ज टाकाऊ ठरवता येत नाही. तरी आकड्यांचा तक्ता इंग्रजीत जोडाच. राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघतं आणि आपल्याला मसुदा मराठीत मिळत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. २०२० च्या ईआयए मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणायला सांगितलं होतं. मागणी करायला तो दाखला चांगला.

सह्यांच्या मोठ्या यादीपेक्षा ग्रामसभेचा ठराव, त्यावर तारीख, उपस्थिती आणि पीडीओंची सही-शिक्का, जास्त कामाचा. आणि हरकत म्हणजे विरोधच असं नव्हे. म्हादईच्या उगमाकडची जंगलं राहावीत असं वाटत असेल तर तेही त्याच मुदतीत लिहून द्यायचं.

खानापूरकर:
पाठवल्यावर काय झालं ते कळतं का?

घाटमाथा:
वैयक्तिक उत्तर देण्याचं बंधन नाही. विचार करणं बंधनकारक, मान्य करणं नाही. माहिती अधिकारात १० रुपये भरून मंत्रालयाला विचारा: या मसुद्यावर किती हरकती आल्या, आमच्या गावाच्या हरकतीवर काय टिपणी झाली, फाइलच्या त्या पानांची प्रत द्या. ठरलेल्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा बाद होतो. २०२४ चा मसुदा २०१४ पासूनचा सहावा. प्रत्येक नव्या मसुद्यावर हरकत नव्याने द्यावी लागते, तेव्हा तक्त्याची फाइल संगणकात ठेवा.