‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे नेमक्या कुठल्या?

प्रश्न : रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘डब्ल्यूबीसी’ असतं. त्याला कुणी पांढऱ्या पेशी म्हणतं, कुणी श्वेतपेशी. शाळेच्या पुस्तकात श्वेत रक्तकणिका असं वाचल्याचं आठवतं. यांत फरक आहे का? आणि तापात ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतात, त्या याच का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण तो गोंधळ आमच्याच घरात झाला. भाचा डेंग्यूने आजारी होता. रात्री ताईचा फोन आला, “पेशी वीस हजारांवर आल्यात रे.” मी पांढऱ्या पेशी धरून चाललो. त्या मोठ्या माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० असतात, म्हणजे वीस हजार हा आकडा चढलेला. संसर्गात असं होतं, म्हणून तिला म्हटलं, “फार काळजी करू नकोस.” ती बोलत होती प्लेटलेटबद्दल. त्यांची नेहमीची संख्या दीड ते साडेचार लाख, म्हणजे तिचा आकडा चांगलाच घसरलेला. बरं, ‘वीस हजारांवर येणं’ चढूनही होतं आणि उतरूनही, त्यामुळे वाक्यावरून काही उमगायला मार्ग नव्हता. भाचा बरा झाला, पण त्या रात्री मी ताईला दिलेला दिलासा चुकीचा होता, हे अजून मनातून जात नाही.

त्यातही प्लेटलेट ही काटेकोरपणे पेशीच नव्हे. अस्थिमज्जेतल्या एका थोराड पेशीचे तुकडे पडतात, ते म्हणजे प्लेटलेट. पुस्तकांतला रक्तपट्टिका हा शब्द म्हणूनच चपखल आहे. डेंग्यूत बहुतेक वेळा पांढऱ्या पेशीही कमी होतात, त्यामुळे ‘पांढऱ्या पेशी उतरल्या’ असं म्हणणारा चुकीचा असेलच असं नाही. पण त्याला कुठल्या म्हणायच्या आहेत, ते विचारायलाच हवं.

आता शब्दांकडे. पांढरी पेशी, श्वेतपेशी, श्वेत रक्तकणिका हे सगळं एकच. मला पेशी बरी वाटते. आपल्या तांबड्या पेशीत पक्व झाल्यावर केंद्रक उरत नाही, तिला कणिका म्हटलं तर चालून जातं. पांढरीला मात्र केंद्रक असतं, ती आकार बदलते, बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि जंतूपर्यंत सरकत जाते. एवढं करणारीला कण म्हणणं मला पटत नाही. एक सावधगिरी : हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आपल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. हिंदीवरून केलेल्या मराठी लेखांत हा घोळ सर्रास दिसतो.

‘पांढरी’ हेही तिच्या अंगाचं वर्णन नाही. एकेकटी पाहिली तर ती जवळपास रंगहीन असते. रक्ताची नळी यंत्रात फिरवली की तळाशी तांबडा थर बसतो, वर पिवळसर द्रव राहतो आणि मधे अगदी पातळ असा फिकट पापुद्रा दिसतो. पांढऱ्या पेशी त्या पापुद्र्यात असतात, प्लेटलेटही तिथेच.

कामावरून नाव हवं असेल तर भक्षकपेशी आहे, पण ते सगळ्यांना लागू नाही. १८८२ मध्ये मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. भक्षणाची कल्पना तिथून पुढे रुजली. आपल्या शरीरात हे काम प्रामुख्याने न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी करतात. न्यूट्रोफिल काही तासांत पोचतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. आपण ज्याला पू म्हणतो, त्यात मुख्यतः त्याच असतात. लिंफोसाइट या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं काम वेगळं : काही प्रतिपिंडं तयार करतात, काही संसर्ग झालेल्या पेशींना मारतात, आणि काही तो जंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

आणखी एक प्रतिसाद : लिंफोसाइटला लसीकापेशी म्हणतात. त्यातली लसीका आणि टोचायची लस यांचा संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि मला तो फार आवडतो. जखमेतून पाणी झिरपतं त्याला आपण ‘लस येते’ म्हणतो, तो या शब्दाचा जुना अर्थ. लसीका (लिंफ) हाही शरीरातला तसाच पाण्यासारखा द्रव. १७९६ मध्ये जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गोस्तन देवीच्या, म्हणजे गाईंपासून येणाऱ्या देवीच्या फोडातला द्रवच मुलाला टोचला होता. पुढेही बराच काळ देवीसाठी फोडातली लसच टोचत, म्हणून टोचण्याच्या औषधालाही तेच नाव राहिलं. आणि लस टोचल्यावर जंतू ओळखायला शिकतात त्या लसीकापेशीच.

मूळ प्रश्नकर्ता : मग घरी निरोप देताना काय म्हणावं?

उत्तर : नुसतं ‘पेशी’ म्हणू नका. नाव पूर्ण घ्या, आकडा सांगा, आणि कालचा आकडाही सांगा, म्हणजे चढला की उतरला ते कळेल. ताई आता असंच लिहिते : “पांढऱ्या पेशी काल ३,१००, आज ४,६००. प्लेटलेट काल ८२ हजार, आज १ लाख १० हजार.”