आईला नको सांगूस, आधी तुला सांगतोय: कामासाठी बाहेर गेलेल्या भावंडांचे अनुभव

आमची परळची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत बाबांच्या चुलतभावाची पत्रं. हा काका १९७९ साली पाईपफिटर म्हणून बहारीनला गेला. आजीला महिन्याला एक पत्र यायचं: मी खुशाल आहे, जेवण चांगले आहे, गुडघ्याला तेल लावत जा. त्याच टपालाने बाबांना दुसरं. त्यात एका खोलीत अकरा माणसं, एजंटाने सांगितलेला पगार आणि हातात पडलेला पगार, धाकटीसाठी आलेलं स्थळ पटत नाही तर नकार कुणाच्या तोंडून द्यायचा, आणि शेवटी 'वाचून फाडून टाक'. बाबांनी एकही फाडलेलं नाही.

एका पत्रात तर त्याच्या स्वतःच्या लग्नाचा सगळा बेत आहे. हॉलचं भाडं, बुंदी घरी पाडायची की विकत आणायची, आणि परत जाताना बायकोला नेता येणार नाही हे मुलीकडच्यांना आधी सांगायचं की नंतर.

तुमच्या घरातून गवंडी, सुतार, वेल्डर, प्लंबर, वायरमन असं हाताचं काम करणारं कुणी बाहेर गेलंय का? घरातली बातमी, लग्नाचं जमणं, हे ते आधी कुणाला सांगायचे? लिहा. सॉफ्टवेअरवाल्या भावंडांचं दुसरीकडे भरपूर वाचायला मिळतं, ते इथे नको. राग मानू नका.

लालबाग, आता बदलापूर

माझा चुलतभाऊ वेल्डर. १९८६ ला कुवेतला गेला. आमच्याकडे फोन नव्हता, खालच्या वाण्याचा पीपी नंबर. फोन आला की वाण्याचा पोऱ्या तीन मजले हाका मारत वर यायचा, आम्ही खाली पोचेपर्यंत तिकडचे पैसे संपायचे. म्हणून पत्रच. त्याचं लग्न डिसेंबर १९९० मध्ये, मार्गशीर्षात धरलं होतं. मुलगी कणकवलीकडची.

२ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याचं पत्र आलं, जुलैच्या शेवटी टाकलेलं. त्याला अर्थातच काहीच ठाऊक नव्हतं. लिहिलं होतं, हॉल पक्का कर, नायगावचाच बघ, स्टेशनपासून चालत येता आलं पाहिजे. चपला तुम्ही घेऊ नका, माझा पाय रुंद आहे, मी इथून आणतो.

मी ते पत्र घेऊन जिन्यात बसलो. माणूस जिवंत आहे की नाही ते माहीत नाही, आणि त्याच्या लग्नाचा हॉल पक्का करायचा? काकांना विचारायची सोय नव्हती, ते दिवसभर रेडिओला कान लावून. मुलीचे वडील एस्टीने येऊन दोन दिवस राहून गेले, चहा घेत म्हणाले, "तुमचं काय ते कळवा." काय कळवणार?

तिसऱ्या दिवशी मी नायगावला जाऊन ५०१ रुपये भरले. मॅनेजरने नवरदेवाचं नाव विचारलं, पावती त्याच्या नावाने फाडली. ती मी पंचांगात घालून ठेवली आणि घरात कुणाला बोललो नाही.

त्या वेळी अम्मानहून एअर इंडियाची विमानं मुंबईला येत होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर, ४८८ फेऱ्या, लाखाहून जास्त माणसं, हे आकडे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा काम एवढंच: रात्रपाळी सुटली की सहार विमानतळावर जायचं आणि दाढ्या वाढलेल्या माणसांत आपला शोधायचा. सप्टेंबरमध्ये सापडला. कुवेत ते बगदाद बसने, तिथून जॉर्डनची हद्द, मग वाळवंटात तंबूत किती दिवस ते त्यालाही नीट सांगता येईना. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत टॉवेल आणि पासपोर्ट. दिनारांच्या नोटा होत्या, त्यांना तेव्हा कागदाची किंमत. पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी स्लिपर, टाचा मागे जमिनीवर.

टॅक्सीत बसल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "हॉलचं पत्र मिळालं का?"

चपला दादरला घेतल्या. मापाच्या मिळेनात, चार दुकानं फिरलो. दीड वर्ष त्याने लालबागला ग्रिलच्या दुकानात काढलं आणि १९९२ ला परत कुवेतलाच गेला. मुलीकडच्यांनी काही कुरबुर केली नाही, हे मात्र सांगायला हवं.

बोरिवली

माझा मावसभाऊ मुलुंडच्या आयटीआयचा प्लंबर. आधी दुबई, आता न्यूझीलंड. तिकडे परवान्याशिवाय प्लंबिंगच्या कामाला हात लावता येत नाही. दुबईची सहा वर्षं जमेला धरूनही त्याला पुन्हा परीक्षा द्याव्या लागल्या. मला फोन करायचा तो तिकडे सकाळी सहाला, गाडीत बसून, कामावर निघण्याआधी. म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा. मावशी तोवर झोपलेली असायची, आणि मला वाटतं म्हणूनच ती वेळ.

त्याच्या लग्नाचं बघायला लागल्यावर मावशीने बायोडेटात लिहिलं 'पाईपलाईन इंजिनिअर, ऑकलंड'. दादरच्या एका मंडळात नाव घातलं. स्थळं धो धो. त्याला कळलं तेव्हा मला म्हणाला, "ताई, ते काढ. प्लंबर लिही." मी म्हटलं, अरे इथे प्लंबर म्हणजे लोकांना वाटतं, पान्हा घेऊन फ्लश दुरुस्त करायला येतो तो. "मग मी दुसरं काय करतो?"

बदललं. मावशी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. स्थळं थांबली. एका बाईंनी फोनवर सरळ विचारलं, "म्हणजे नळवाला का?" मी हो म्हटलं. त्यांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं, पत्रिका न बघता.

मग कुर्ल्याहून एक स्थळ आलं. मुलगी नर्स, वडील महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होते, निवृत्त. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते: आपल्याकडे पाणी सोडायची वेळ गल्लीगणिक ठरलेली, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस म्हणजे चावीवाला. तीस वर्षं पहाटे लोखंडी चावी खांद्यावर टाकून फिरलेला माणूस. कांदेपोहे आमच्याकडेच झाले, मुलगा व्हिडिओवर, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मुलगी राहिली बाजूला, हे दोघंच सुरू झाले. प्रेशर किती असतं, गरम पाण्याला पाईप कुठला वापरता, सांधा कसा मारता. मग गृहस्थांनी विचारलं, "तिकडे पाणी चोवीस तास?"

"हो काका."

"मग चावी कोण फिरवतो?"

मावशीसुद्धा हसली. तिथेच जमलं. मुलीने नंतर एकटीने फोनवर दीड तास बोलून घेतलं, मग होकार दिला, तेही बरोबरच.

खरी कटकट तारखेची. तिकडे बांधकामाची कामं नाताळपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद असतात, तेवढीच त्याला सलग सुट्टी. आणि इकडे नेमका धनुर्मास, त्यात पौष. गुरुजी म्हणाले, मुहूर्त नाहीत. मी पंचांग पुढे ठेवून म्हटलं, आपत्कालीन मुहूर्त छापलेत ते कशासाठी? सकाळचा ९ वाजून काही मिनिटांचा मिळाला. कुर्ल्याचं वऱ्हाड वेळेवर, आमचंच उशिरा.

गोरेगाव

माझ्या घरातलं कुणी बाहेर गेलेलं नाही, उलट आलेल्याचं सांगतो. आमच्या किचनचं काम राजस्थानच्या सुतारांकडे होतं. त्यांच्यातला एक जण दुपारी जेवल्यावर प्लायच्या थप्पीवर पाय पसरून गावच्या चुलतभावाशी बोलायचा, स्पीकरवर. निम्मं कळायचं. 'सावो' हा शब्द सारखा, म्हणजे मुहूर्त. बहिणीचं आणि त्याचं, दोन्ही लग्नं एकाच मांडवात उरकायची होती, खर्च वाचतो. भाऊ तिकडून बैलबाजारासारखं एकेका गोष्टीचे भाव सांगायचा आणि हा कानाला खोचलेल्या पेन्सिलीने माझ्या ड्रॉवरच्या फळीवर आकडे मांडायचा.

अक्षय्य तृतीयेच्या आठवडाभर आधी सगळे गायब. त्यांच्याकडे आखा तीजला मुहूर्त बघावा लागत नाही म्हणे. आमच्या ट्रॉल्या महिनाभर लटकत राहिल्या. तो हिशोब अजून त्या ड्रॉवरच्या आतल्या बाजूला आहे, बायकोने पुसू दिला नाही.

कांजूरमार्ग

आतेभाऊ मस्कतला शटरिंगचा सुतार होता. २००४ ची गोष्ट. साखरपुड्याची अंगठी मी करून घ्यायची असं ठरलं. तिकडून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर त्याने पिशवी पाठवली. टँग, टायगर बाम, अत्तराच्या दोन बाटल्या, आणि आगपेटीत गुंडाळलेला दोरा, गाठ मारलेला. बोटाचं माप. चिठ्ठीत: "उजव्या हाताचा माप आसा. इचारू नको."

सोनाराला दोरा दिला. त्याने दांडीवर सरकवून आकडा सांगितला, मी पैसे भरले, आणि ट्रेनमध्ये भांडुप जाईपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. मग आलं. हा तर डावखुरा नाही, आणि अंगठी आमच्याकडे सगळेच डाव्या हातात घालतात.

शुक्रवारी त्याचा फोन. मी विचारलंच. थोडा वेळ गप्प. मग, "दोन बोटां गेली. करवतीत. आधी तुकाच सांगतंय, आवशीक सांगा नको."

"चेडवाक सांगलंस?"

"तां तू सांग."

मी नाही सांगितलं. त्याला म्हटलं, आत्याला मी सांभाळतो, पण मुलीला तुझं तू सांग, हे काम माझ्यावर टाकू नको. त्याने सांगायला तीन आठवडे घेतले. त्या तीन आठवड्यांत मी मुलीच्या घरी दोनदा जेवून आलो, आणि तो घास कसा उतरला ते मला विचारू नका. ती काय म्हणाली ते त्याने कधी सांगितलं नाही. लग्न झालं, ओरोसला. आत्या बरेच दिवस माझ्यावर नाराज होती, त्याच्यावर नाही.

विक्रोळी

२०२०. पन्नास माणसांची मर्यादा. बहिणीच्या लग्नाचे पैसे ज्याने भरले तो मामेभाऊ दोह्यात वायरमन, कॅम्पात अडकलेला. मी फोन धरून उभा. मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला नेटवर्क गेलं, परत आलं तेव्हा लोक जेवायला बसले होते. त्याने मेसमधले तांदूळ हळद लावून तयार ठेवले होते. फोटो पाठवला.

दोहा, मूळचा भांडुप

वरचं सगळं वाचलं. मी इथे एसी मेकॅनिक, सातवं वर्ष. आज शुक्रवार, सुट्टी, म्हणून लिहितोय.

माझं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतर. सगळी धावपळ माझा चुलतभाऊ करतोय. हॉल, केटरर, आईची पैठणी, मानपानाची यादी. मानपानाच्या यादीवरून दोन काका एकमेकांशी बोलत नाहीयेत, ते त्यानेच मला सांगितलं, आईने नाही. आई फोनवर फक्त विचारते, जेवलास का.

गेल्या महिन्यात मी त्याला सांगितलं की माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय आणि मी पुढे वाढवणार नाही. भांडुपला गाळा घ्यायचा, एसी सर्व्हिसिंगचं दुकान टाकायचं. आता मुंबईत उन्हाळा काही दोन महिन्यांचा राहिलेला नाही, धंदा चालेल. पण मुलीकडच्यांनी होकार दिला तो 'मुलगा दोह्याला आहे' म्हणून. दादा पाच मिनिटं काही बोललाच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "मला कशाला सांगतोयस? तिला सांग. आजच."

सांगितलं. तिने गाळ्याचं डिपॉझिट विचारलं, भाडं विचारलं, समोर पार्किंग आहे का विचारलं. शेवटचं मला माहीत नव्हतं. परवा ती आणि दादा दोघं जाऊन गाळा बघून आले.

आईला अजून बोललो नाहीये. पत्रिका सोमवारी छापायला जाते. दादाने प्रूफ पाठवलंय, माझ्या नावाखाली त्याने दोहा खोडून भांडुप (प.) केलंय आणि विचारलंय, ठेवू का?