हिवाळ्याच्या सुरुवातीला मुंबईच्या किनाऱ्यावर पक्षीनिरीक्षण: शनिवार-रविवारसाठी सल्ला हवा

मुलुंडकरीण
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक शनिवार-रविवार पक्ष्यांसाठी राखून ठेवायचा आहे. आम्ही चौघं: मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे बाबा. लेकीने सोसायटीतले तांबट, दयाळ, बुलबुल वहीत नोंदवून झाले, आता तिला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचेत. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालणं जमत नाही. गाडी नाही, लोकल, रिक्षा, टॅक्सी चालेल. मुक्काम नको, दोन्ही दिवस रात्री घरी परत. शिवडीला जावं की ऐरोलीला? डिसेंबरात रोहित असतात का? आणि दुर्बीण विकत घेऊ का?

खाडीवाला
जागा नंतर ठरवा, आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळ मानत नाहीत, भरती-ओहोटी मानतात. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. पूर्ण ओहोटीला शिवडीचा चिखल इतका लांबवर उघडा पडतो की पक्षी म्हणजे क्षितिजावरचे ठिपके. पूर्ण भरतीला चिखलच नाही, मग पक्षीही नाहीत. हाताशी लागतात ते पाणी चढताना किंवा उतरताना, मधल्या दोन-तीन तासांत.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट उजेडाची. शिवडीच्या धक्क्यावर तोंड पूर्वेला होतं, त्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत आणि पक्षी नुसते काळे. तिथे दुपारनंतरच जावं. जुहू, अक्सा, गिरगाव या पश्चिमेच्या चौपाट्यांवर उलट: सकाळी ऊन पाठीशी असतं.

या दोन्हींची सांगड घातली तर तुमच्यासाठी तृतीया-चतुर्थीला येणारा शनिवार-रविवार उत्तम. शनिवारी सव्वादोनची भरती, म्हणजे पावणेचार ते सूर्यास्त शिवडीला उतरतं पाणी आणि पाठीवर ऊन. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा उशीर करू नका. रविवारी साधारण पावणेनऊला ओहोटी, म्हणजे चौपाटीवर सकाळी भरपूर ओली वाळू.

रोहितांबद्दल लेकीला आधीच सांगून ठेवा. नोव्हेंबरपासून ते यायला लागतात, पण मोठे थवे जमतात ते पुढे, फेब्रुवारी-मार्चकडे. डिसेंबरात थोडे दिसतील, एखाद्या दिवशी अजिबात नाही. दिसलेच तर चोच बघायला सांगा: मोठ्या रोहिताची गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची जवळजवळ सगळी गडद. राखी-मातकट रंगाचे दिसले तर ती पिल्लं आहेत.

खरं सांगायचं तर डिसेंबर रोहितांचा नाहीच, तो चिखल्या (प्लोवर) आणि तुतवारांचा (सँडपायपर) आहे. मध्य आशिया, सैबेरियातून आलेले हे मूठभर पक्षी लोक बघतसुद्धा नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. लेकीला एक खेळ द्या. पक्ष्याची जात ओळखायची नाही, फक्त तो खातो कसा ते बघायचं. चार पावलं धावला, गपकन थांबला, एकदाच टिपलं, पुन्हा धावला: तो चिखल्या. त्याचे डोळे मोठे, तो बघून शिकार करतो. मान खाली घालून चालता चालता शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच चिखलात खालीवर करत राहिला तर तो तुतवार. तो चोचीच्या टोकाला होणाऱ्या स्पर्शावर खातो. लांब चोचीचा गॉडविट तर चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो, कपाळाला चिखल लागतो त्याच्या. एवढं कळलं की पुढचं पुस्तक आपोआप उघडतं.

ऐरोलीपार
वरचा तिथीचा हिशोब शंभर टक्के बरोबर. पण बाबांचे गुडघे लक्षात घेता मी शिवडी सुचवणार नाही. तिथे बसायला धड जागा नाही, स्वच्छतागृहाची सोय नाही आणि स्टेशनपासून धक्का चालायला लांब आहे. मुलुंडहून ऐरोली म्हणजे पूल ओलांडला की आलं. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते. बाबा बसल्या जागी सगळं बघतील, लेकीला केंद्रातलं माहिती दालनही आवडेल. हा भाग 2015 साली रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला.

बोटीची वेळ भरतीवर ठरते, रोज बदलते. आगाऊ नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका, शनिवार-रविवारी जागा पटकन भरतात. तुमच्या तृतीयेच्या हिशोबाने बोट दुपारची मिळायला हवी.

खाडीवाला
बाबांसाठी ऐरोली मान्य. मग शिवडी फेब्रुवारीला ठेवा. तेव्हाही धक्क्यावरूनच बघायचं, चिखलात पाय घालायचा नाही. वरून घट्ट दिसतो, पण माणूस मांडीपर्यंत रुततो.

वांद्र्याची_वाट
रविवारसाठी लांब जायची गरज नाही. सकाळी ओहोटीला वांद्र्याला बँडस्टँड किंवा कार्टर रोडला या. बाबांना बसायला बाक आहेत, चहा आहे. उघड्या पडलेल्या खडकांत समुद्री बगळा शोधा: पाटीच्या दगडासारखा करडा, गळ्यावर पांढरा डाग, पावलं पिवळी. पाय हलवून डबक्यातला मासा उठवतो आणि मग झेप घेतो. लेकीला हे दहा फुटांवरून दिसेल. त्यानंतर रिक्षाने जुहूला जा, कुरवांसाठी (सीगल). फक्त लवकर जा, गर्दी आणि कुत्री वाढली की पक्षी बसत नाहीत.

मांडवा_बोट
कुरव हवेत तर गेटवेहून मांडव्याची पहाटेची बोट आणि पुढे अलिबागजवळचं आक्षी. सुरूच्या बनापलीकडे सपाट किनारा आहे. ओहोटीला कुरव, सुरय (टर्न), चिखल्या एकाच वाळूवर बसलेले असतात. मुंबई परिसरात याला तोड नाही. मात्र बोटीत चढणं-उतरणं, बस, रिक्षा हे सगळं बाबांना झेपेल का ते तुम्हीच ठरवा.

एक कळकळीची विनंती. त्या बोटीवर लोक कुरवांना गाठिया आणि वेफर्स उडवतात. तेलकट, खारट खाणं त्यांचं अन्न नव्हे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी मासे आणि कोळंबी खाऊन अंगात चरबी साठवायची असते. लेकीच्या हातात कुणी पुडी ठेवली तर परत करा, आणि शेजारच्यांनाही समजावून सांगा. मी दर वेळी सांगतो, आणि कारण सांगितलं की बरेच जण ऐकतात.

दुर्बीणवाली_मावशी
दुर्बिणीचं कुणी बोललंच नाही! 8×42 घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. 10×50 किंवा त्याहून मोठी घेऊ नका. जड असते, हात हलतो, आणि मुलांना त्यातून पक्षी सापडत नाही. आताच खर्च करायचा नसेल तर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) एखाद्या पक्षीफेरीला जा. तिथे जाणती माणसं असतात, आपली दुर्बीण डोळ्याला लावून देतात. त्यानंतर ठरवा. बाबांना चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्यांकडच्या वाट्या आत वळवून घ्यायच्या, म्हणजे चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं.

खाडीजवळ जाताना पूर्ण बाह्या आणि डासांचं मलम विसरू नका. भडक कपडे टाळा.

मुलुंडकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅलेंडर घेऊन बसले आहोत. शनिवारी ऐरोलीची बोट, रविवारी सकाळी वांद्रे आणि जुहू असं ठरतंय. आक्षी पुढच्या खेपेला, बाबांना घरी आराम असेल तेव्हा. एकच शंका: कुरवांच्या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या कशा? पुस्तकात काळं डोकं आणि तपकिरी डोकं असं दिलंय.

मांडवा_बोट
हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त गडद ठिपका उरतो. डोक्याकडे बघूच नका, उडताना पंख बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरीशुभ्र. बसलेला जवळून दिसला तर डोळा बघा, तपकिरी डोक्याच्या पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची बुबुळं फिकट असतात. आणि कुठल्याही पक्ष्याच्या पायात रंगीत कडं किंवा पट्टी दिसली तर फोटो काढा, रंग आणि अक्षरं टिपून घ्या आणि बीएनएचएसला कळवा. लेकीच्या वहीतली ती सगळ्यात उपयोगी नोंद ठरेल.