‘तटबंदी’ की ‘मेढेकोट’? आणि खिंड ‘अडवली’ की ‘कोंडली’?

विचारणा : क्लिडिऑनच्या लढाईवरच्या (२९ जुलै १०१४) मजकुरात ‘बल्गेरियाचा झार सामुइल याने खिंडीत तटबंदी उभारली’ असं वाक्य आहे. ‘तटबंदी’ चालेल का?

– नको. तटबंदी म्हटलं की चिरेबंदी, बुरूज, जंग्या डोळ्यांपुढे येतात. बेलासित्सा आणि ओग्राज्देन या डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेवर सामुइलने खंदक खणून लाकडी मेढी रोवल्या होत्या. त्याला मराठीत आयता शब्द आहे : मेढेकोट. मेढ म्हणजे जमिनीत गाडलेला खांब.

– शिवाय शब्द चुकला की पराभवाचं कारणच कळत नाही. असल्या कोटाचा सगळा जोर तोंडाशी, पाठ उघडी. बायझंटाइन सम्राट दुसरा बासिल समोरून धडका देऊन थकला. मग त्याचा सरदार झिफियास बेलासित्साला वळसा घालून आडवाटेने पिछाडीला उतरला. मागून आरोळ्या उठताच बल्गेरियनांची दाणादाण उडाली आणि ओस पडलेला कोट बासिलने पाडला.

– मग ‘खिंड अडवली’च ना? ‘कोंडली’ कुठेतरी वाचलं.

– इथे अडवलीच. शत्रूला आत येऊ द्यायचं नाही, ते अडवणं. आत आलेल्याला बाहेर पडू द्यायचं नाही, ते कोंडणं. त्याचा नमुना ८११ सालचा. बायझंटाइन सम्राट पहिला निकिफोरस बल्गेरियनांची राजधानी प्लिस्का लुटून परतत होता, तेव्हा त्यांचा खान क्रुम याने वाटेत मेढेकोट घालून त्याला कोंडला आणि २६ जुलैला छापा घातला. सम्राट मेला. पळणारे कसेबसे कोटावर चढले, तर पलीकडे खोल खंदक! उड्या टाकून हातपाय मोडले. काहींनी मेढी पेटवल्या. बांधलेले दोर जळाले, कोट खंदकावर कोसळला आणि त्यावरून निघालेले घोड्यांसकट आगीत गेले. ‘खिंडीत गाठणे’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः लागू.

– ‘खिंड लढवली’ मात्र दोन्हीकडे नको. त्यात मूठभरांनी वेळ काढून देणं येतं, १६६० च्या घोडखिंडीसारखं.

– नावाचंही सांगतो. ग्रीक क्लिडिऑन काय, बल्गेरियन क्ल्युच काय, अर्थ किल्लीच. भाषांतर करायचंच तर ‘किल्लीची खिंड’. मुद्रितशोधनात त्याची ‘किल्ल्याची खिंड’ होऊ देऊ नका, तिथे किल्ला नव्हता. मूळ नाव ठेवून अर्थ कंसात दिलेला बरा.