साठीच्या पुढच्या मंडळींना मोबाईलवरची सरकारी कामं शिकवायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

सभामंडप:
यवतमाळ जिल्हा, हजार-बाराशे वस्तीचं गाव. दिवाळीनंतर देवळाच्या सभामंडपात वर्ग सुरू करतोय. १४ जणांनी नावं दिली आहेत, वय ६२ ते ८१. नऊ जणांकडे अँड्रॉइड (पोराने वापरून झाल्यावर दिलेला), पाच जणांकडे बटनाचा फोन. शिकवायला बारावी झालेले तिघं.

लोकांची मागणी अशी: निराधारचा पगार पडला का ते पाहणं, पीएम किसान, सातबारा, कंट्रोलच्या राशनची केवायसी, आणि तिघं पेन्शनर आहेत त्यांचा हयातीचा दाखला. ग्रामीण भागासाठी केंद्राचं डिजिटल साक्षरता अभियान होतं, पण त्यात वयाची अटच १४ ते ६० होती आणि मार्च २०२४ मध्ये तेही संपलं. त्यामुळे या वयाला धरून बेतलेलं काही हाताशी नाही.

प्रश्न तीन. आधी काय शिकवायचं? चार-पाच जणांचा थंब कुठेच लागत नाही, त्यांचं काय? आणि बटनाच्या फोनवाल्यांना वर्गात बसवून उपयोग आहे का?

धुऱ्यावरचा:
पहिल्या दिवशी फोन शिकवूच नका. वही घ्या आणि प्रत्येकाच्या आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे तेवढं तपासा. तुमच्या यादीतली बहुतेक कामं त्या एका नंबरावर येऊन अडतात.

आधारच्या संकेतस्थळावर आधार पडताळणीचा पर्याय आहे. बारा अंक आणि चित्रातली अक्षरं टाकली की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. त्याला ओटीपी लागत नाही. ते तीन आकडे हातातल्या फोनशी जुळले तर ठीक. नाही जुळले तर बहुधा तीनातलं एक निघतं. नंबर पुण्याला असलेल्या पोराचा आहे. किंवा ९० दिवस न वापरल्यामुळे सिम बंद पडलं आणि कंपनीने तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. किंवा कार्ड काढायच्या वेळी शिबिरवाल्याने घाईत स्वतःचाच नंबर ठोकून दिला. दुसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण ओटीपी रोज कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो आणि इकडे बुढा 'येऊनच नाही राहिला' म्हणत बसतो.

नंबर बदलायला आधार केंद्रावर सध्या ७५ रुपये घेतात. कागदपत्र लागत नाही, माणूस मात्र स्वतः लागतो. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन हे काम घरी येऊनही करतो, म्हणून आधी डाकघरात विचारा. ८१ वर्षांच्या माणसाला तालुक्याला चकरा कशाला? पावती जपून ठेवा. आणि वहीत आधारचे पूर्ण बारा अंक लिहू नका, शेवटचे चार पुरे. ती वही चार हातांतून फिरणार आहे.

दुसरी तपासणी बँकेची. आधार दोन-तीन खात्यांना जोडलेलं असू शकतं, पण आधारच्या आधाराने येणारा सरकारी पैसा एकाच खात्यात पडतो: ज्या बँकेने शेवटचं आधार चढवलं त्या. मधेच कुणी गावात येऊन 'फुकट खातं' उघडून गेलं असेल तर पगार तिकडे जातो आणि माणूस जिल्हा बँकेचं कोरं पासबुक घेऊन हिंडतो. माय आधारमध्ये लॉगिन केल्यावर बँक सीडिंग स्टेटसमध्ये त्या बँकेचं नाव दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही, नावावरूनच ओळखायचं.

एवढं झालं की अर्धी लढाई संपली. वर्ग मग.

पऱ्हाटी:
धुऱ्यावरचा भाऊंशी सहमत, फक्त एक जोडते. ओटीपी वाचणं हा स्वतंत्र धडा ठेवा आणि त्याला दोन संध्याकाळी द्या.

मेसेज इंग्रजीत येतो आणि आकडेही इंग्रजी. जुनी चौथी शिकलेल्या माणसाला इंग्रजी आठ हा मराठी ४ वाटतो, इंग्रजी नऊ हा मराठी १ वाटतो. आकार पाहा, चूक त्यांची नाही. सहा आकड्यांत एक आठ आला की ओटीपी चुकला, दोनदा-तीनदा चुकला की यंत्रणा काही वेळ थांबवते, आणि माणूस ठरवून टाकतो की हे आपल्याच्यानं होत नाही.

यावर सोपा इलाज फोनच्या डायलवरच आहे. जे लोक स्वतः नंबर फिरवतात त्यांना इंग्रजी आकडे जागेवरून येतात: आठ म्हणजे खालून दुसऱ्या ओळीतलं मधलं बटन, नऊ त्याच्या उजवीकडचं. शिकवणाऱ्याने स्वतःच्या फोनवरून सहा आकड्यांचा साधा मेसेज पाठवायचा, त्यांनी तो पाहून डायलवर दाबायचा आणि मोठ्याने म्हणायचा. रोज पाच वेळा. मुद्दाम आठ-नऊ जास्त घाला. बटनाच्या फोनवाल्यांना हे उलट लवकर येतं, तेव्हा त्यांना नक्की बसवा. ओटीपी बटनाच्या फोनवर आला तरी चालतो, बाकीचं काम दुसऱ्याच्या स्मार्टफोनवर होतं.

मेसेज न येण्याचं एक कारण अगदी साधं असतं: बटनाच्या फोनची मेसेजपेटी भरलेली. आधी कंपनीचे जाहिरातीचे मेसेज पुसा. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. तेवढ्यात दुसरा मागवला तर नवाच टाकायचा. जुना टाकत बसणं ही नेहमीची चूक.

वेळेबद्दल: दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, बाया अंधार पडेपर्यंत वावरात. साडेसातनंतर ठेवा आणि पाऊण तासाच्या वर नको. एका शिकवणाऱ्यामागे पाच जण, जास्त नाही. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, हे मी गमतीने म्हणत नाही. फोन हातात घेऊन 'हे असं करा' म्हटलं की धडा गेला.

टपालपेटी:
थंबचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून.

मशीन बोटाच्या चामडीवरच्या रेघा वाचतं. वयाने चामडी पातळ आणि कोरडी होते, वरून वेचणीत वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं चिरतात. धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत तेच, चिखलपाण्याने रेघा सुजून सपाट होतात. म्हणून:

वेचून आल्या-आल्या थंब लावू नका, सकाळी लावा. कोमट पाण्याने साबण लावून हात धुवा आणि कोरडे करा. फारच कोरडं बोट असेल तर ग्लिसरीन किंवा खोबरेलाचा एक थेंब चोळून फडक्याने पुसून टाका, ओलसरपणा राहावा पण तेल दिसू नये. मशीनची काचही पुसा, आधीच्या दहा जणांचं तेल तिथेच असतं. बोटाचं टोक नाही, पेर सपाट ठेवायचं. जोर द्यायचा नाही. लोक 'लागत नाही' म्हणून अजून दाबतात, त्याने रेघा चेपतात आणि अजूनच लागत नाही. अंगठाच पाहिजे असंही नाही, दहाही बोटं करून पाहा. जे बोट लागलं त्याचं नाव वहीत लिहा: 'डावं मधलं'. पुढच्या वेळी खटपट वाचते.

तरी नाही झालं तर चेहरा. हयातीचा दाखला, राशनची केवायसी आणि पीएम किसानची केवायसी तिन्हींना चेहरा चालतो. फोनमध्ये आधार फेस आरडी हे ॲप आधी टाकावं लागतं. गंमत अशी की टाकल्यावर त्याचं चिन्ह फोनवर कुठेच दिसत नाही. लोक 'डाउनलोड झालं नाही' समजून चारदा टाकतात. ते आतून चालतं, जीवन प्रमाण (हयातीच्या दाखल्याचं ॲप) किंवा मेरा ई-केवायसी (राशनच्या केवायसीचं) उघडल्यावर स्वतःच सुरू होतं. नेट कच्चं असेल तर ही ॲप तालुक्याला जाऊन आधीच भरून आणा.

चेहरा अडतो तो उजेडामुळे. उजेड समोरून हवा, मागे साधी भिंत. दाराकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा येतो. चष्मा, टोपी, कपाळावरचा पदर बाजूला. फोन मांडीवर नाही, डोळ्यांच्या उंचीवर आणि शिकवणाऱ्याने धरलेला. पापण्या मिटायला सांगतं तेव्हा सावकाश मिटून उघडायच्या, बरेच जण घट्ट मिटून बसून राहतात. आधारवरचा फोटो फार जुना असेल, मधे दात गेले, चेहरा ओघळला, तर आधार केंद्रावर बोटं-डोळे-चेहरा नव्याने द्या, त्याला १२५ रुपये पडतात.

तुमच्या तिघा पेन्शनरांचं नोव्हेंबरातच उरका. ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५ वाला (पीएफ कार्यालयाची पेन्शन घेणारा) असेल तर त्याला नोव्हेंबरचं बंधन नाही, दिल्यापासून १२ महिने चालतो. जीवन प्रमाणमध्ये सुरुवातीला ऑपरेटरची नोंद मागतात, ती शिकवणाऱ्याने एकदा स्वतःची केली की त्याच फोनवरून कितीही जणांचं होतं. चुका होतात त्या दोन ठिकाणी: पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशावरचा) चुकतो, आणि पेन्शन मंजूर करणारं सरकारी खातं व पैसे देणारी बँक यांची अदलाबदल होते. शेवटी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज येतो. पण आयडी आला म्हणजे दाखला स्वीकारला असं नाही, पुढे बँक किंवा ते सरकारी खातं तो परतही करतं. आठवड्याने पुन्हा पाहा. स्वतः जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो.

कोरा_सातबारा:
जरा वेगळं मत मांडतो. अर्ज भरायला शिकवण्याच्या मागे फार लागू नका. केवायसी वर्षात एखाद्या वेळेला, तोवर बुढे विसरणारच, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भरायला सेतूवाला आहे, नात आहे. शिकवायचं ते तपासणं. ते महिन्याला लागतं, म्हणून हातात राहतं. आणि तपासता येणाऱ्या माणसाला कोणी 'साहेबाने अडवलं' म्हणून गंडवत नाही.

पीएम किसानच्या स्थितीत तीन ओळी पाहायला शिकवा: जमिनीची नोंद, केवायसी, बँकेला आधार. प्रत्येकीसमोर हो किंवा नाही. जमिनीची अडली तर तलाठी (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी कार्यालय, बँकेची अडली तर बँक. कोणत्या कचेरीत जायचं हे कळलं तरी दोन मजुऱ्या वाचतात. नोंदणी क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, तो दर वेळी लागतो.

निराधार, श्रावणबाळचे दीड हजार पडले का, यासाठी ॲप नको. बँकेच्या मिस्ड कॉलचा नंबर शाखेतल्या फलकावरून उतरवा आणि फोनमध्ये 'पगार' नावाने ठेवा. बटनाच्या फोनवरही चालतं, फक्त तो मोबाईल खात्याला जोडलेला पाहिजे. तो नंबर गुगलवर शोधू नका, तिथे भामट्यांचेच नंबर वर येतात.

सातबारा नुसता पाहायचा तर भूलेखवर फुकट. विभाग निवडताना यवतमाळवाले नागपूर दाबतात आणि यादीत जिल्हाच सापडत नाही. तुमचा विभाग अमरावती. बँकेत द्यायला मात्र डिजिटल सहीचा लागतो, त्याला १५ रुपये.

सभामंडप:
खूप कामाचं. एक अडचण मात्र आताच उभी राहिली. एका आजींचा मुलगा म्हणतो, 'ओटीपी कोणालाच सांगायचा नाही हे आम्ही घरी शिकवलं, आणि तुम्ही वर्गात मोठ्याने वाचायला लावता.' बरोबर आहे त्याचं. काय सांगू?

पऱ्हाटी:
वर्गात वाचायचे ते तुम्ही पाठवलेले खोटे आकडे, हे त्याला सांगा. खऱ्या ओटीपीला नियम असा ठेवा: काम मी सुरू केलं, माणूस माझ्यासमोर बसला आहे, आणि आकडे मीच दाबणार. तिन्ही असेल तरच. सेतूवर सांगायचा नाही, त्याचा कीबोर्ड पुढे ओढून स्वतः टाकायचा, म्हणून तर डायलचा सराव. फोनवरून कोणीही मागितला, अगदी 'तहसीलमधून बोलतो' म्हटलं, तरी फोन ठेवून द्यायचा. मेसेजातली आकड्यांच्या आधीची ओळ कोणाकडून वाचून घ्या: आधारचा आहे का बँकेचा. बँकेचा असेल तर पोरालाही नाही.

टपालपेटी:
थंबलाही तोच नियम. पैसे काढताना 'लागला नाही, परत लावा' म्हटलं तर आधी पहिल्या वेळची पावती मागा. मशीन अयशस्वी व्यवहाराचीही पावती देतं. कोणी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करायला सुचवेल. करता येतं, पण मग कंट्रोलवरही बोट लागत नाही, आणि दर वेळी कुलूप उघडायला परत ओटीपी. रोज फोन न हाताळणाऱ्याला ते गळ्यातलं लोढणं होईल.

धुऱ्यावरचा:
नऊ अँड्रॉइडवर वर्गाआधी एवढं करून घ्या. अक्षर मोठं. पडदा दोन मिनिटांनी विझेल असं. होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद, नाहीतर जोरात दाबून ठेवल्यावर चिन्हं इकडची तिकडे जातात. सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'स्पर्श करा आणि धरून ठेवा' याचा वेळ लांब करा. या वयात बोट पडद्यावर जरा जास्त टेकतं आणि साध्या टिचकीऐवजी भलतंच उघडतं, ते त्याने थांबतं.

आणि सेटिंगमध्ये अनोळखी ॲप टाकण्याची परवानगी शोधून व्हॉट्सॲपसमोरची बंद करा. पीएम किसानच्या नावाने एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणाऱ्या) फिरतात, त्या तिथूनच घुसतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. तो नंबर 'चोर' नावाने ठेवा, शोधायला सोपा जातो.