'इफ'नंतर भूतकाळ का?
इंग्रजीत 'इफ आय वन द लॉटरी' (मला लॉटरी लागली तर) हे उद्याचं बोलणं, मग त्यात 'विन'चा भूतकाळ 'वन' कशाला, असा प्रश्न पडतो. इथलं 'वन' काळ दाखवत नाही. शक्यता कमी आहे, एवढंच सांगतं. आपली गल्लत होते, कारण मराठीत अगदी शक्य गोष्टीलाही 'पाऊस पडला तर' म्हणतात. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ, 'इफ इट रेन्स'. 'रेन्ड' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, पावसाची तुम्हाला फारशी आशा नाही.

खरी मेख पुढे आहे. 'माहीत असतं तर सांगितलं असतं' हे आपलं वाक्य आजच्या गोष्टीलाही चालतं, कालच्यालाही. इंग्रजीत मात्र आजचं 'इफ आय न्यू, आय वुड टेल यू' आणि कालचं 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. 'इफ'च्या भागात 'वुड' घालू नका, परीक्षेत तर नकोच.