अनुभव धागा: सेल्फ मारला तरी गाडी लवकर उठत नाही

कोल्हापूरच्या भावांनो, या एका तक्रारीत दोन वेगळे आजार असतात. सेल्फच (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरत असेल तर बॅटरी, केबल, अर्थ (इंजिन-बॉडीची बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणी) बघायचे. सेल्फ झरझर फिरतोय पण इंजिन पकडत नसेल तर इंधन, स्पार्क, सेन्सर. त्यामुळे लिहिताना पहिल्याच ओळीत सांगा: दोन्हींपैकी कुठला, इंजिन थंड की गरम, पेट्रोल, डिझेल की सीएनजी. मल्टिमीटरचे आकडे जरूर द्या.

उद्यमनगरकर (सेल्फ जड, पेट्रोल)
हॉर्न वाजतोय म्हणून बॅटरी चांगली, असं धरू नका. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात. छोट्या गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे ओढतो. रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्ट हवेत, 12.2 म्हणजे बॅटरी निम्मी. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला लावून मीटर बघा. 9.6 च्या खाली घसरला तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा तेच करा, आणि तरीही घसरली तरच बदला.

आकडा साडेदहाच्या वर टिकतोय आणि तरी सेल्फ रडतोय? मग करंट वाटेत अडतोय. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नव्हे), लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना 0.3 व्होल्टच्या वर दिसलं की अर्थ खराब. तसंच पॉझिटिव्ह पोल ते सेल्फचा जाड बोल्ट: इथे 0.5 पर्यंत चालतं. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त फिरवू नका, सेल्फ तापतो.

पंचगंगाकाठ
वरच्याला जोड. 2019 आणि 2021 च्या पुरात भिजलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांची अर्थपट्टी वरून धड दिसते. रबर थोडं सोलून बघा, आत तांबं हिरवं पडलेलं असतं. ती घासत बसू नका, नवीच टाका. टर्मिनलवरची पांढरी बुरशी मात्र कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघते. आधी निगेटिव्ह सोडा. जोडताना तोच शेवटी. वर पेट्रोलियम जेली.

शिरोली एमआयडीसी
बॅटरी, केबल दोन्ही ठीक आणि तरी जड, तर सेल्फचे बुश (आतल्या दांड्याचे आधार) झिजून आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासत असणार. पण सेल्फ उतरवण्याआधी ऑइलची पावती बघा. 0डब्ल्यू-20 (पातळ ऑइल) मागणाऱ्या इंजिनात 20डब्ल्यू-50 (जाड ऑइल) ओतलं असेल तर सकाळी ते जड फिरणारच.

राजारामपुरी
रोज घर ते लक्ष्मीपुरी तीन-चार किलोमीटरच पळणाऱ्या गाडीत सेल्फने खाल्लेलं बॅटरीत नीट परत भरत नाही. अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा) 13.8 ते 14.5 व्होल्ट देत असला तरी आठवड्यातून एकदा लांब, कागलपर्यंत न थांबता चालवून आणा.

गोकुळ शिरगाव (सेल्फ चांगला, पेट्रोल उशिरा पकडते)
फ्युएल पंप हात न लावता तपासता येतो. चावी ऑन, तीन सेकंद थांबा, ऑफ. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच उठली तर लाईनमधलं प्रेशर रात्रीत उतरतंय: पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा). काहीच फरक नाही, तर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) तापमान सेन्सर मोजा. थंड असताना, 25 अंशांच्या आसपास, साधारण दोन-अडीच किलोओहम हवा. थंड इंजिनवर तीनशे ओहम दाखवत असेल तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन तापलेलं वाटतं आणि पेट्रोल कमी सुटतं.

सीएनजीवाले
बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. टाकीत दोन लिटर जुनं पेट्रोल ठेवून वर्ष काढलं की पंप जळतो. पाव टाकी ठेवा, ती अधूनमधून वापरून संपवा.

कागल (कॉमन रेल डिझेल)
कोल्हापूरच्या थंडीत नुसत्या हीटर प्लगमुळे (थंड इंजिन आतून तापवणारा) गाडी अडणं क्वचितच. आधी फिल्टरमधलं पाणी काढा. मग फिल्टरनंतर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे बघा. लाईन एअर धरत असेल तर तिथे दिसतं. तेही नसेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा: सेल्फ फिरताना रेल प्रेशर (सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या सामायिक पाईपमधला दाब) साधारण दोनशे बारपर्यंत चढलं नाही, तर प्रत्येक नोझलच्या (डिझेल इंजेक्टरच्या) रिटर्नला, म्हणजे जास्तीचं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, छोटी बाटली लावा. जी इतरांपेक्षा दुपटीने भरते, ती नोझल गळकी. हाय-प्रेशर पाईप मात्र इंजिन फिरताना ढिले करू नका, डिझेलची धार कातडीत घुसते.

उद्यमनगरकर
गरम असतानाच अडणारी राहिली. सेल्फ झरझर, आरपीएमचा काटा हलतच नाही, अर्ध्या तासाने आपोआप सुरू: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा). थंड झाल्यावर मोजलात तर तो बरोबरच दाखवेल, म्हणून बंद पडलेली असतानाच स्कॅनरवर आरपीएम बघा.